ठोकळे, खोकी आणि लुटुपुटूचे घर : मुलांच्या सर्जनशीलतेला वाव देणारे खेळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठी मुलगी सहा वर्षांची आहे आणि धाकटा मुलगा साडेतीन वर्षांचा. मुलगी जोडणीच्या खेळण्यांतला नमुना डब्यावरच्या चित्राबरहुकूम नेटकेपणाने पूर्ण करते आणि मग त्याला पुन्हा हात लावत नाही. कोरा कागद समोर ठेवला की 'काय काढू?' असे विचारत राहते. मुलगा खेळण्यांची टोपली उपडी करतो, दोन मिनिटे वस्तू इकडच्या तिकडे नेतो आणि निघून जातो. दोघांची सर्जनशीलता वाढावी म्हणून कोणते खेळ द्यावेत, कोणती खेळणी आणावीत आणि एखाद्या वर्गात नाव घालावे का, असे पालकांनी विचारले आहे.

गेली २६ वर्षे मी तीन ते आठ या वयोगटातील मुलांबरोबर काम करते आहे आणि त्यांच्या शिक्षकांनाही शिकवते आहे. हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत असंख्य वेळा विचारला गेला आहे आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याला खेळण्यांची यादी हवी असते. यादी मी देईन. परंतु यादीपूर्वी एक कसोटी सांगते, कारण ती हाताशी असली तर यादीची फारशी गरज राहत नाही. कोणताही खेळ पाहताना स्वतःला विचारावे, की या खेळातले किती निर्णय मुलाचे आहेत? काय करायचे, कशाने करायचे, कसे करायचे, कधी थांबायचे आणि जमले की नाही हे कोणी ठरवायचे, असे हे पाच निर्णय आहेत. डब्यावरच्या चित्राप्रमाणे जोडणी करताना पाचही निर्णय डबा तयार करणाऱ्याने आधीच घेऊन ठेवलेले असतात. मुलाच्या वाट्याला उरते ते फक्त काळजीपूर्वक अनुकरण. अनुकरणही उपयोगाचे आहे, त्यातून हात आणि नजर तयार होते, म्हणून ते बंद करण्याची आवश्यकता नाही. पण त्यातून कल्पकतेची अपेक्षा ठेवू नये.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगणे मला भाग आहे. अमुक खेळ खेळल्याने मूल सर्जनशील होते, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या जाहिरातींना शास्त्राचा तेवढा आधार नाही. मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली नाटकी, म्हणजे घर-घरसारख्या लुटुपुटूच्या खेळावरील अनेक दशकांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा अशा खेळामुळेच सर्जनशीलता वाढते हे सिद्ध करणारा पुरावा भक्कम नसल्याचे त्यांनी दाखवून दिले. याचा अर्थ खेळ निरुपयोगी आहे असा होत नाही. खेळ हे औषधाच्या मात्रेसारखे मोजून देण्याचे साधन नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. मात्र मुलांमध्ये मुळातच असलेली शोधक वृत्ती कशाने आक्रसते, याविषयी आपल्याकडे बरीच खात्रीची माहिती आहे, आणि पालकांच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे असे मला वाटते.

पहिले उदाहरण बक्षिसाचे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रे काढण्याची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले निवडली होती. एका गटाला आधीच सांगितले, की चित्र काढल्यास तुम्हाला फीत लावलेले सुंदर प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रशस्तिपत्र काहीही न सांगता, चित्रे काढून झाल्यावर दिले. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी वर्गात खेळाच्या मोकळ्या वेळेत रंगीत पेने पुन्हा ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या आशेने चित्रे काढलेल्या मुलांनी इतर मुलांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. शिवाय बक्षिसासाठी काढलेल्या त्यांच्या चित्रांचा दर्जाही परीक्षकांना कमी वाटला. जे काम मूल स्वतःच्या आनंदासाठी करत होते, ते आता कोणासाठी तरी करायचे काम झाले होते.

दुसरे उदाहरण आपल्या शिकवण्याचे आहे, आणि ते मला स्वतःला अधिक अस्वस्थ करते, कारण शिकवणे हाच माझा व्यवसाय आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नळ्यांपासून बनवलेले एक खेळणे वापरले होते आणि त्यात चार करामती दडलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने 'हे खेळणे असे चालते' असे सांगून त्यातली एक करामत मुद्दाम करून दाखवली. काही मुलांसमोर तीच करामत चुकून घडल्यासारखी दाखवली. ज्यांना शिकवले गेले, ती मुले तीच करामत पुन्हा पुन्हा करत राहिली, कमी वेळ खेळली आणि बाकीच्या करामती त्यांना कमी सापडल्या. मुलांचा हा तर्क अगदी बरोबर आहे, हेही ध्यानात घ्यावे : जाणत्या माणसाने एकच गोष्ट दाखवली, त्या अर्थी दाखवण्यासारखे तेवढेच असणार. तुमची मुलगी 'काय काढू?' असे विचारते तेव्हा तीही असाच तर्क करत असण्याची शक्यता आहे. आजवर प्रत्येक साहित्याबरोबर तिला त्याचे 'योग्य' उत्तरही मिळत आले आहे, आणि कोऱ्या कागदाचे योग्य उत्तर तिला सापडत नाही. तिच्यात कल्पनाशक्ती कमी आहे, असा निष्कर्ष यावरून काढू नये.

आता साहित्याकडे वळू. डेन्मार्कमधील उद्यानरचनाकार सी. टी. सोरेनसेन यांच्या लक्षात आले होते, की त्यांनी आखलेल्या नीटनेटक्या क्रीडांगणांपेक्षा मुलांना बांधकामाच्या जागी पडलेल्या भंगारात खेळायला अधिक आवडते. त्यांच्या कल्पनेतून १९४३ साली कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे पहिले 'भंगार क्रीडांगण' उभे राहिले. तेथे फळ्या, विटा, दोऱ्या, चाके आणि अवजारे मुलांच्या हाती दिली गेली आणि काय उभारायचे ते मुलांनीच ठरवले. पुढे १९७१ साली ब्रिटिश कलावंत सायमन निकोल्सन यांनी या अनुभवामागचे सूत्र मांडले. एखाद्या परिसरात हलवता येणाऱ्या, जोडता येणाऱ्या, मोडता येणाऱ्या सुट्या वस्तू जितक्या जास्त, तितका तेथे शोधक वृत्तीला आणि नवनिर्मितीला वाव जास्त, असे त्यांचे म्हणणे होते. घसरगुंडीवरून एकाच प्रकारे घसरता येते, फार तर उलटे चढता येते. पुठ्ठ्याचे मोठे खोके मात्र आज गुहा असते, उद्या बोट असते आणि परवा तेच फाडून त्याची ढाल होते.

म्हणून खेळण्यांच्या यादीऐवजी मी सुट्या साहित्याची टोपली सुचवते. वेगवेगळ्या आकारांची रिकामी खोकी, पुठ्ठ्याच्या नळ्या, मोठी झाकणे, कपडे वाळत घालायचे चिमटे, जुन्या चादरी आणि ओढण्या, जाड दोरी, लाकडाचे घासून गुळगुळीत केलेले तुकडे, बाहेरून वेचून आणलेले दगड, शिंपले, वाळलेल्या शेंगा, एवढे पुरेसे आहे. एका प्रकारच्या दोनच वस्तू देण्यापेक्षा वीस द्याव्यात, कारण संख्या असली की रचना सुचते. धाकटा मुलगा घरात असल्याने एक खबरदारी अत्यावश्यक आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीची चाचणी वापरतात. त्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते, म्हणून ती या वयाच्या मुलाच्या हाती देत नाहीत. तुमचा मुलगा साडेतीन वर्षांचा असला तरी वस्तू तोंडात घालण्याची सवय गेलेली नसेल, तर हाच नियम पाळावा. गोल बटणासारखे सेल आणि छोटी शक्तिशाली लोहचुंबके तर कोणत्याही वयाच्या लहान मुलाच्या टोपलीत नसावीत. ती गिळली गेल्यास आतड्याला किंवा अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते. लांब दोरी देताना मोठ्या माणसाने जवळ असावे.

विकत घ्यायची एकच वस्तू सांगा, असे कोणी म्हटले तर मी साधे लाकडी ठोकळे सांगेन. फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीत लहान मुलांसाठी जी संस्था सुरू केली आणि जिला पुढे त्यांनीच 'किंडरगार्टन' म्हणजे बालोद्यान हे नाव दिले, तिच्या केंद्रस्थानी ठोकळेच होते : एक घन, तो कापून केलेले आठ छोटे घन, आणि पुढे त्याहून बारीक विभागणी. स्थापत्यकार फ्रँक लॉइड राइट यांनी लहानपणी हाताळलेल्या या ठोकळ्यांचे ऋण उतारवयापर्यंत आवर्जून मान्य केले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांनी जे ठोकळे घडवले, त्यांच्या जाडी, रुंदी आणि लांबीचे प्रमाण १ : २ : ४ असे होते, आणि आजही बालशाळांतून तेच वापरले जाते. या प्रमाणाची खुबी अशी, की दोन छोटे ठोकळे एका मोठ्याबरोबर नेमके बसतात आणि अपूर्णांक हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी मुलाच्या हाताला तो कळलेला असतो. रंग, चित्रे, चाके काहीही नसल्याने ठोकळा 'मी अमुक आहे' असे सांगत नाही.

ठोकळ्यांचा खेळ कसा वाढत जातो, याचे टप्पे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ साली नोंदवून ठेवले आणि आजही वर्गात बसून पाहिले तर ते जवळजवळ तसेच दिसतात. प्रथम मूल ठोकळे नुसते वाहून नेते, ओतते, पुन्हा भरते. मग ओळी मांडते आणि मनोरे रचते. त्यानंतर दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा ठेवून पूल करते. हा क्षण मोठा असतो, कारण मधली रिकामी जागा मुलाने जाणूनबुजून तयार केलेली असते. मग चारही बाजूंनी बंद केलेले आवार येते, मग समतोल नक्षी, मग 'हे इस्पितळ आहे' असे नाव देणे, आणि शेवटी पाहिलेल्या जागा डोळ्यांपुढे आणून त्यांची रचना करणे. ठोकळ्यांशी ज्याची ओळखच उशिरा झाली आहे, असे मोठे मूलही पहिल्या टप्प्यांपासून सुरुवात करते, फक्त ते टप्पे झपाट्याने ओलांडते. तुमचा मुलगा टोपली उपडी करतो आणि वस्तू इकडून तिकडे नेतो, ही तक्रार म्हणून तुम्ही लिहिले आहे. मला त्यात पहिला टप्पा दिसतो. त्याला ओतायला दोन डबे आणि वाहून न्यायला एक ओढगाडी द्यावी आणि काही आठवडे वाट पाहावी.

तो एका वस्तूवर टिकत नाही, यामागे आणखी एक साधे कारण असू शकते : समोर फार वस्तू असणे. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहानग्यांना एकदा ४ खेळण्यांसह आणि एकदा १६ खेळण्यांसह खेळू दिले. चारच खेळणी असताना मुले प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारांनी खेळली. त्यामुळे आहेत त्यांपैकी तीनचतुर्थांश खेळणी कपाटात ठेवून द्यावीत आणि दोनतीन आठवड्यांनी अदलाबदल करावी. खेळणी मुलांदेखत, त्यांना विचारून उचलावीत. रात्रीत गायब झालेले खेळणे मूल विसरत नाही, आणि मग खेळण्यापेक्षा ते शोधण्यातच त्याचे मन गुंतते.

माझ्या दृष्टीने या वयाचा सर्वांत समृद्ध खेळ म्हणजे लुटुपुटूचा खेळ, म्हणजे घर-घर, डॉक्टर-डॉक्टर, दुकान-दुकान. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी १९३३ साली दिलेल्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचे उदाहरण घेऊन याचे मर्म उलगडले आहे. मूल काठीवर बसून तिला घोडा म्हणते, तेव्हा प्रथमच अर्थ वस्तूपासून सुटा होतो. डोळ्यांना काठी दिसत असते आणि मनाने तिला घोडा ठरवलेले असते. भाषा, गणितातली चिन्हे, नकाशा, कथा या सर्वांना हेच कौशल्य लागते. विगॉट्स्की यांचा दुसरा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे : हा खेळ वरवर स्वैर दिसला तरी त्याला नियम असतात. यासाठी त्यांनी दोन सख्ख्या बहिणींचा दाखला दिला आहे. त्या 'बहिणी-बहिणी' खेळू लागल्या की एरवी नकळत होणारे बहिणींसारखे वागणे जाणीवपूर्वक करू लागतात. डॉक्टर झालेल्या मुलाला कितीही धावावेसे वाटले तरी रोग्याची नाडी सोडून पळता येत नाही. स्वतःला आवर घालण्याचा इतका गोड सराव मुलाला दुसरीकडे कोठेही मिळत नाही.

या खेळासाठी साहित्य देताना वयाचा विचार करावा. दोनतीन वर्षांच्या मुलाला खऱ्यासारखा दिसणारा खेळण्यातला फोन लागतो. त्याच्याशिवाय बोलण्याची कल्पना त्याला धरून ठेवता येत नाही. चार वर्षांपुढे ठोकळा किंवा नुसता कानाशी धरलेला हात पुरतो, आणि अशा वेळी हुबेहूब खेळणी उलट खेळाला एकाच ठिकाणी बांधून ठेवतात. तुमच्या मुलीला तयार पोशाख आणण्यापेक्षा दोन ओढण्या, एक जुनी पिशवी आणि चार चिमटे द्यावेत. या वयात एखाद्या मुलाने अदृश्य मित्र निर्माण केला तर पालक घाबरून जातात, म्हणून येथेच सांगते. मार्जोरी टेलर यांच्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या जवळपास ६५ टक्के मुलांना कधी ना कधी काल्पनिक सोबती होता असे आढळले, यात खेळण्यातल्या प्राण्याला जिवंत मानणेही धरलेले आहे. तो मित्र खरा नाही हे मुलाला पक्के ठाऊक असते. त्याची थट्टा करू नये आणि त्याला शिस्त लावण्याचे साधनही करू नये.

मोठ्यांनी या खेळात शिरावे का? बोलावले तर जरूर शिरावे, पण दुय्यम भूमिका घेऊन. 'मी गिऱ्हाईक आहे, तुमच्या दुकानात काय मिळते?' एवढे विचारून थांबले तर दुकान कसले, भाव काय आणि पैसे म्हणून काय चालेल, हे सारे मुलांना ठरवावे लागते. 'हे एक सफरचंद, ही दोन सफरचंदे, आता किती झाली?' असे विचारले की दुकान त्याच क्षणी बंद पडते आणि परीक्षा सुरू होते. मी नवीन शिक्षकांना सांगते, की मुलाच्या खेळाजवळ बसल्यावर पहिली तीन मिनिटे काहीही बोलू नका, फक्त पाहा. हे ऐकायला सोपे वाटते, पण फार थोड्या जणांना ते पहिल्या आठवड्यात जमते. पाहिल्यावर बोलायचेच असेल तर जे दिसते ते सांगावे : 'तू सगळे जड ठोकळे खाली ठेवलेस.' 'वा, छान!' यापेक्षा या वाक्यात मुलाला अधिक मिळते, कारण आपण काय केले हे त्याला त्यातून नीट कळते आणि छान-वाईट ठरवण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो.

चित्रकलेविषयी तुम्ही विशेष विचारले आहे. दोन ते चार या वयातल्या रेघोट्या चित्राची तयारी म्हणून नव्हे, चित्र म्हणूनच पाहाव्यात. हाताच्या हालचालीची खूण कागदावर उमटते, हा त्या वयाचा मोठाच शोध असतो. त्यानंतर गोल, गोलाला पाय, मग माणूस, मग खाली जमिनीची रेघ आणि वर आकाशाची पट्टी, असा प्रवास मुले न शिकवता करतात. या प्रवासात मोठ्यांनी काढून दिलेले एक घर किंवा एक सूर्य फार काळ ठाण मांडून बसतो. मी अशी मुले पाहिली आहेत, की तीन वर्षांनंतरही त्यांचा प्रत्येक डोंगर कोणीतरी शिकवलेल्या त्याच त्रिकोणांचा असतो. म्हणून 'काय काढू?' याचे उत्तर विषय सांगून देऊ नये आणि 'तुला हवे ते काढ' असेही म्हणू नये, कारण घाबरलेल्या मुलाला ते वाक्य अधिकच एकटे पाडते. त्याऐवजी तिच्या अनुभवाकडे वळवावे. 'काल पाऊस आला तेव्हा तू कोठे उभी होतीस? बाजूला कोण होते? पाय कितपत भिजले होते?' असे दोनतीन प्रश्न विचारून उठून जावे. दुसरा मार्ग साहित्य बदलण्याचा. काही आठवडे कागद बाजूला ठेवून चिकणमाती द्यावी. मातीत चूक उरत नाही; दाबली की पुन्हा गोळा. ज्या मुलांना बरोबर-चुकीची धास्ती असते, त्यांची बोटे मातीने लवकर मोकळी होतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. रंग देताना बारा छटांपेक्षा लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा एवढेच द्यावेत, म्हणजे हिरवा तिचा स्वतःचा असेल. छापील चित्रे रंगवण्याची वही विरंगुळा म्हणून ठीक आहे. चित्रकलेची भूक तिच्यावर भागवू नये. आणि काढून झालेले चित्र दाखवायला आणल्यावर 'हे काय आहे?' असे विचारण्याऐवजी 'याच्याबद्दल मला सांगशील का?' असे म्हणावे, कारण ते काहीतरी असलेच पाहिजे असे नाही.

वाळू, पाणी आणि चिखल यांच्याविषयी थोडक्यात एवढेच, की कपडे मळण्याची मुभा आधीच दिलेली असावी आणि पाण्याजवळ लहान मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या शिफारशींनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल करायला हवी, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोर बसून जाणारा वेळ एका तासापेक्षा अधिक नसावा, त्याहून कमी असल्यास उत्तमच. धावणे, चढणे, लोंबकळणे हा सर्जनशीलतेपासून वेगळा विषय नाही; 'या झाडावर कोणत्या बाजूने चढता येईल?' हाही निर्णयच असतो.

नियमांचे खेळ, म्हणजे लपाछपी, पकडापकडी, फाशांचे पट, सहासात वर्षांपासून मुलांना खुणावू लागतात. यांत कल्पकतेला जागा कोठे, असे वाटेल. मुलांना नियम बदलू द्यावेत, तेथे ती जागा आहे. 'ज्याच्यावर राज्य आहे त्याने एका पायावरच पळायचे' असे ठरले, की तो नियम सर्वांना न्याय्य वाटतो का, लहान भावाला वेगळी सवलत द्यायची का, यावर जी वादावादी होते, ती खेळापेक्षाही लांबली तरी मध्ये पडू नये.

गाणे आणि गोष्ट यांनाही खेळ म्हणूनच वागवावे. अर्धी गोष्ट सांगून 'आता दार कोणी उघडले असेल?' येथे थांबावे आणि मुलगा म्हणेल ते खरे मानून पुढे जावे.

या सगळ्याला लागणारी आणि बहुतेक घरांत सर्वांत कमी असलेली गोष्ट म्हणजे सलग वेळ. लुटुपुटूच्या खेळात आधी भूमिका ठरतात, मग साहित्य जमते, मग भांडण होते, मग समेट होतो, आणि त्यानंतर खरा खेळ रंगतो. पंधरा मिनिटांच्या फटीत मुले फक्त तयारी करतात आणि आवरतात. शाळेतून आल्यावर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाणाऱ्या मुलाची तंद्री लागायला दिवसात जागाच उरत नाही. म्हणूनच सर्जनशीलता वाढवणाऱ्या वर्गाविषयीच्या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे : आठवड्यातील किमान चार दिवस संध्याकाळी सलग एक तास, कोणीही काहीही न शिकवता, दोघांना खेळायला मिळत असेल, तर त्यानंतर वर्गाचा विचार करावा. वर्ग निवडताना भिंतींकडे पाहावे. वीस मुलांची वीस चित्रे एकसारखी टांगलेली असतील, तर तेथे निर्णय कोण घेते ते कळून येते.

पहिले काही दिवस मुलगी 'कंटाळा आला' असे म्हणेल. तो कंटाळा दूर करण्याची जबाबदारी तुम्ही घेऊ नये. 'हो, कधी कधी येतो कंटाळा,' असे म्हणून तुमच्या हातातले काम करत राहावे, मात्र त्याच खोलीत असावे. माझ्या पाहण्यात साधारण दहापंधरा मिनिटांनी मूल कोठेतरी हात घालते. आठवडाभरात हा काळ कमी होत जातो. तिच्या जोडणीच्या संचांपैकी तीनचार संचांचे सुटे भाग एकाच खोक्यात मिसळून द्यावेत आणि डब्यावरची चित्रे, तिची संमती घेऊन, काही दिवस बाजूला ठेवावीत. तिने तरीही चित्रातला नमुना आठवून केला, तर करू द्यावा. त्यात एखादा भाग सापडला नाही म्हणून तिने वेगळाच भाग लावलेला दिसला, की आपणहून काही न म्हणता तेवढे लक्षात ठेवावे.

एक अडचण मात्र पहिल्याच दिवशी येईल, तिची तयारी ठेवावी. ताई रचेल आणि धाकटा पाडेल. साडेतीन वर्षांच्या मुलाला पाडण्यात जो आनंद मिळतो, तोही शोधाचाच असतो, म्हणून त्याला रागावून उपयोग नाही, आणि 'तो लहान आहे, जाऊ दे' असे म्हणून तिच्या तासाभराच्या कामाची किंमत शून्य करणे तर अन्यायच आहे. तिची रचना त्याचा हात पोचणार नाही अशा टेबलावर करू द्यावी आणि रात्री आवरायला लावू नये. दुसऱ्या दिवशी तीच रचना पुढे नेता आली पाहिजे. त्याच्यासाठी जमिनीवर रिकाम्या खोक्यांचे मनोरे तुम्ही रचावेत आणि त्याला हवे तितक्या वेळा पाडू द्यावेत. काही दिवसांनी तो तुमच्या हातातले खोके स्वतःकडे ओढून घेईल आणि मनोरा त्यालाच रचायचा असेल. तेव्हा तुम्ही मागे सरकावे.